आरसा आणि रिंगण

नाचून व्यायाम करायचा वर्ग आमच्या पांढुर्ण्यात निघाला, तेव्हा पहिल्या आठवड्यातच नाव घालणाऱ्यांत मी होते. वय बावन्न, गुडघे कुरकुरणारे, आणि लग्नाची वरात सोडली तर कधी नाचलेली नाही अशी बाई. दुकानावरची खोली, भिंतभर आरसा, मोठा स्पीकर. पंधरा दिवसांत मला रात्रीची नीट झोप यायला लागली. म्हणून पुढे लिहिते आहे ते लांबून नाक मुरडणाऱ्या बाईचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्याच सुमारास आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींनी विचारलं, "बाई, तुमच्या त्या नाचाच्या किलासात मले येता येईन काय? पाठ लय धरते माही." मी पटकन बोलून गेले, "फी किती आहे, माहीत आहे का तुम्हाला?" त्या नुसत्या हसल्या आणि कढई घासायला लागल्या. वर्गाच्या दारावर तर पाटी होती, 'सर्व महिलांसाठी'. ती पाटी आणि माझं ते उत्तर, दोन्ही डोक्यातून जाईनात.

या व्यायामाचं मूळ मोठं गमतीचं आहे. कोलंबिया देशातल्या काली शहरात बेटो पेरेझ नावाचा तरुण एरोबिक्स शिकवायचा. एक दिवस तो वर्गाच्या गाण्यांची कॅसेट घरी विसरला. जवळ होत्या त्या त्याच्या आवडीच्या साल्सा आणि मेरेंगेच्या. त्याच त्याने लावल्या, आणि आकडे मोजत हातपाय हलवणारा वर्ग नाचायला लागला. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत मायामीला कंपनी निघाली आणि झुम्बा हे नाव जगभर झालं. यात शिकवणारा तोंडाने फारसं सांगत नाही, हाताच्या खुणेने पुढची हालचाल दाखवतो. पाहायचं आणि करायचं. घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारात कानावर गोंडी पडणाऱ्या आमच्यासारख्या मुलखाला याहून सोयीचं काय असणार? वयस्कर माणसांसाठी त्यात झुम्बा गोल्ड नावाचा सौम्य प्रकार आहे, खुर्चीवर बसून करायचेही प्रकार आहेत. म्हणजे मूळ वस्तूत सगळ्यांना जागा आहे.

मग आमच्या खोलीत ती जागा कुठे गेली? मला वाटतं, आधी ती आरशात गेली. आरसा समोर आला की ओळी पडतात. पहिल्या ओळीत सडसडीत, नव्या कपड्यांतल्या. मागच्या ओळीत आम्ही, आणि आमच्याही मागे दाराशी एखादी, चप्पल हाताशी ठेवून उभी. कुणी हे ठरवत नाही, आपोआप होतं. साठ मिनिटं प्रत्येक बाई स्वतःच्या पोटाकडे बघत नाचते आणि शेजारणीशी तुलना करते. त्यात भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. 'आधी'च्या फोटोतली बाई जणू काही गुन्हेगार!

दुसरी गोष्ट वेळेची. संध्याकाळी सहा. हिवाळ्यात इकडे सहाच्या आत सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्या आमच्या घरांत ती जेवणं आटोपून ओटा आवरायची वेळ. मजुरीहून परतणाऱ्या बाईची ती चूल पेटवायची वेळ. शिवाय खोलीच्या खिडक्यांना पडदे नव्हते, रस्त्यावरून सगळं दिसायचं. बुरख्यातल्या दोघी एकदा येऊन, खिडकीकडे पाहून परत गेल्या. 'त्यांच्यात चालत नाही' असं आम्ही म्हणालो. एक पडदा लावला असता तर चाललं असतं, हे कुणाच्या मनात आलं नाही. आणि गाणी! ज्या गाण्यांवर घरात आपण मुलीला चॅनल बदलायला लावतो, त्यांवरच आम्ही आया कंबर हलवत होतो.

तुम्ही म्हणाल, मग आपली मंगळागौरच बरी. 'बाईपण भारी देवा' आठवत असेल. २०२३ सालचा केदार शिंदे यांचा चित्रपट, सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. आम्ही आठ जणी नागपूरला जाऊन पाहून आलो, रडलो, हसलो. त्या चित्रपटाने एक खरी गोष्ट दाखवली : शरीर हललं की वर्षानुवर्षं गिळलेलं बोलणंही हलतं. फुगडी एकटीने घालता येत नाही. हात घट्ट धरायचे, मागे झुकायचं, आपलं वजन दुसरीच्या हाती द्यायचं. तिने सोडलं तर पडलोच. रिंगणात पहिली ओळ नसते आणि आरसाही नसतो. समोर दिसतो तो दुसरीचा चेहरा. व्यायाम म्हणून पाहिलं तरी झिम्मा-फुगडीत दम लागतो, तोल सांभाळावा लागतो, पाय बळकट होतात.

पण चित्रपट पाहून परतताना गाडीत एक जण गप्प होती. तिचे यजमान गेल्याला तीन वर्षं झाली होती. "मला कोण बोलावणार मंगळागौरीला?" एवढंच म्हणाली. रिंगण गोल असलं तरी त्यालाही दार होतं, आणि त्या दारात कुंकू पाहिलं जायचं. स्पर्धेच्या मंचावर हा नियम आता सैल झाला असेल, घराघरांत तो अजून आहे. तेव्हा जुनं ते सगळं सोनं म्हणून मी आरसा फोडायला निघालेली नाही.

आपल्याकडे समवसरणाची कल्पना आहे. लहानपणी त्याचं चित्र पाहताना मला देवांपेक्षा एकाच सभेत बसलेले पशू आवडायचे. तिथे उपदेश एकच, पण तो प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळतो. आता वाटतं, सगळ्यांना सामावून घेणं म्हणजे हेच असावं. दार उघडं ठेवून थांबणं पुरत नाही. हालचाल एकच असली तरी दुखऱ्या पाठीला ती तिच्या भाषेत कळली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. त्यात फी भरणाऱ्या आणि न भरणाऱ्या असा भेद नाही.

सौंसरला माझी नणंद राहते. गेल्या वर्षी तिने आणि दोन शिक्षिकांनी एका सभागृहात, दुपारी तीन ते चार, असाच वर्ग सुरू केला. आरसा नाही. खिडक्यांना जुन्या चादरी. भिंतीशी चार खुर्च्या, ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्यासाठी. फीऐवजी दाराशी डबा, जमेल ते टाका, आणि डब्याजवळ कुणी बसायचं नाही. अर्धा तास झुम्बा, अर्धा तास रिंगण. ते काही फार सुरळीत चाललेलं नाही. डबा कधी कधी रिकामा असतो. संत्र्याच्या तोडणीत निम्म्या बायका येत नाहीत. आणि दोघी-तिघी 'कोणीही येतं तिथे' म्हणून यायच्या बंद झाल्या. कुठल्या घरच्या, ते लिहीत नाही. आपल्याच घरच्या.

यंदा आम्ही इथे तसाच प्रयत्न केला. मावशींना मी स्वतः बोलावलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, साडीचा काचा मारून. फुगडीच्या वेळी जोड्या लागल्या आणि त्या माझ्या समोर आल्या. अकरा वर्षं त्या माझ्या घरी येतात. त्यांचा कप आमच्याकडे वेगळ्या खिळ्याला टांगलेला असतो. त्यांचा हात हातात घेतल्याचं मला आठवत नव्हतं. राखेने आणि साबणाने खरखरीत झालेला तो हात त्यांनी पुढे केला आणि म्हणाल्या, "सोडजा नका बरं बाई, नाई तं दोघीबी पडू."

मी सोडला नाही. घरी गेल्यावर त्या कपाचा खिळा मात्र तिथेच होता. तो मी काढला ते चार दिवसांनी. चार दिवस का लागले, याचं उत्तर मला कुठल्याही व्यायामाच्या वर्गात मिळणार नाही.