मुक्त सॉफ्टवेअरची गुणपत्रिका

ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते, ते मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. असा प्रकल्प किती परिपक्व आहे हे ठरवण्यासाठी आता तयार कोष्टके मिळतात. शेवटची सुधारणा कधी झाली, किती जण काम करतात, तक्रारींना उत्तर मिळते का, अशा बाबींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. पद्धत सोयीची आहे. पण ती नेमके काय मोजते?

फाइलींचा आकार लहान करणारे 'एक्सझेड युटिल्स' पाहू. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत ते असते. अनेक वर्षे ते मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळत होता. २०२१ पासून एक टोपणनावाचा मदतनीस काम करू लागला. काम वाढले, माणसे वाढली. कोष्टकाच्या हिशेबाने प्रकृती सुधारली! २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच मदतनिसाच्या हातून त्यात चोरवाट शिरली. मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात दुरून प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला, म्हणून ती सापडली.

याउलट, २०१० मध्ये ओपनऑफिसची मालकी ओरॅकलकडे गेल्यावर अनेक कार्यकर्ते बाहेर पडले आणि त्याच आज्ञावलीवर त्यांनी लिब्रेऑफिस उभे केले. ते आजही चालू आहे.

म्हणून शाळेसाठी सॉफ्टवेअर निवडताना आम्ही दोन प्रश्न आधी विचारू. सांभाळणारा थांबला तर पुढे नेणारे आहेत का? आणि एकाचे काम दुसरा तपासतो का? केवळ गुणांच्या बेरजेवरून विद्यार्थी ओळखता येत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.