अवतार की देहधारण? ‘ख्रिस्तपुराणा’पुढचा पेच

‘ख्रिस्तपुराण’ म्हटलं की आपल्याकडची चर्चा बहुधा एकाच जागी थांबते. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीचं केलेलं कौतुक! आज आपण त्याच्या थोडं पुढे जाऊ.

१६१६ साली गोव्यात, साष्टीतल्या राचोलला छापलेल्या या ओवीबद्ध ग्रंथापुढे एक अवघड काम होतं. पुराणं ऐकत आलेल्या माणसांना ‘देव माणूस झाला’ हे सांगायचं. अवघड अशासाठी, की ऐकणाऱ्याला त्यात नवल वाटण्याचं कारणच नव्हतं. देव अवतार घेतो, हे त्याला ठाऊकच होतं.

मग फरक कुठे? अवतार अनेक, ख्रिस्ताचं देहधारण एकदाच, हे सगळेच सांगतात. आमच्या मते दुसरा फरक जास्त खोल आहे. अवताराचं कार्य संपलं की देव ते रूप आवरतो. ख्रिस्ती श्रद्धेत देह टाकला जात नाही. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतरही येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत. थोमाला ते दाखवले जातात. आता, सीतेसाठी रामही रडतो, हे खरंच. पण त्या रडण्याला लीला म्हणण्याची वाट परंपरेत मोकळी आहे. येशूच्या भुकेला, मरणाला तसं म्हणायची सोय चर्चने ठेवली नाही. त्याचा देह म्हणजे नुसता भास, हे मत सुरुवातीलाच नाकारलं गेलं. ४५१ च्या खाल्किदोन धर्मसभेने तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस असल्याचं ठरवलं. नाझियान्झच्या ग्रेगरींचा युक्तिवाद त्याआधीचा: माणसातलं जे त्याने घेतलं नाही, ते बरं होण्यावाचून राहिलं. म्हणजे आजारी, राबून झिजलेल्या देहाला तारण हवं, तर देवाचा देहही खराच हवा. श्रद्धावंताचं सगळं इथेच पणाला लागतं.

मग पुराणाचा साचाच चुकला का? आम्हाला तसं वाटत नाही. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहण्यापर्यंतची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताची. विभागणी बायबलचीच, पण युगं फिरून येणाऱ्या पुराणाच्या काळात ती बसवली, की काळ एकाच ठिकाणी दुभंगतो. ‘एकदाच’ हे रचनेतूनच कळतं.

खरा पेच ग्रंथाच्या बाहेर आहे. याच साष्टीत १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने देवळं पाडली होती. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलं, की ख्रिस्ताने स्वतःला रिकामं करून दासाचं रूप घेतलं. तो दास इथे राज्यकर्त्यांबरोबर आला! ओवीने ते नम्रपण भाषेपुरतं पाळलं, सत्तेने पाळलं नाही. ग्रंथ वाचताना या दोन्ही गोष्टी एकत्रच धरायला हव्यात. कौतुकावर थांबलो, तर देहधारणेचा अर्थच आपल्या हातून निसटतो.

इथे थांबू या.