लाल डबा की लालपरी?

एसटीला आपण दोन टोपणनावं दिलीत. एक ‘लाल डबा’, दुसरं ‘लालपरी’. पहिल्यात तुच्छता आहे हे कुणालाही कळतं. मला दुसऱ्यातही ती दिसते, फक्त लाडात गुंडाळलेली.

‘लालपरी’च्या रील्स बघा. पाऊस, घाट, मागं जुनं गाणं आणि खाली ‘गेले ते दिवस’. कुणाचे गेले? नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणाऱ्या गाडीत आजही पोरंपोरी क्लासची बॅग मांडीवर घेऊन बसतात. त्यांच्यासाठी ही आठवण नाही, सकाळची गाडी आहे. ते दिवस गेले कारमध्ये जाऊन बसलेल्यांचे.

पु. ल. देशपांडे यांची ‘म्हैस’ यासाठी पुन्हा ऐकावी. रत्नागिरीहून मुंबईला निघालेली एसटी, आडवी आलेली म्हैस, मग पंचनामा. पुलं सगळ्यांची टर उडवतात, पण निवेदक स्वतः त्याच गाडीचा प्रवासी आहे आणि इतरांइतकाच रस्त्यात अडकलाय. ते हसू आतलं आहे. रीलमधला उमाळा बाहेरून येतो, म्हणून तो मला खोटा वाटतो.

आमच्याकडे सरकारी बस तशी जुनी. निजामाच्या हैदराबाद संस्थानात ती १९३२ साली २७ गाड्यांनिशी सुरू झाली. १ जून १९४८ला पुणे–अहमदनगर ही पहिली एसटी धावली, तेव्हा मराठवाडा अजून निजामाकडेच होता. आज त्याच मराठवाड्यात पाहुण्यांकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, “गाडी कुठं लावली?” ‘एसटीनं आलो’ म्हटलं की समोरच्याला दया येते. त्यावर ‘गाडी सर्व्हिसिंगला दिलीय’ असं काहीतरी जोडायची रीत आहे. मी जोडत नाही.

१७ मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा ‘आता बायकांचीच गर्दी’ हा विनोद फिरला. हसणाऱ्यांना एवढं दिसलं नाही, की एरवी घरी बसल्या असत्या अशा कित्येकजणी त्या गर्दीत माहेरी, दवाखान्यात, बाजाराला निघाल्या होत्या.

एसटीचा खरा वाचक कोण, हे संपानं दाखवलं. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला संप २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. कारवाल्यांना तो बातमीत दिसला. खेड्यातल्या कॉलेजच्या मुलांना तो रोज काळीपिवळीच्या भाड्यात मोजावा लागला. ऐपत असलेला माणूस उतरला की त्याची तक्रारही उतरते, आणि मागं उरलेल्यांचं कुणी ऐकत नाही. या लाजेची किंमत लाजणारा भरत नाही.

म्हणून एसटीवर लिहा, रील करा. उशीर, गर्दी, खडखडणारी काच, सगळं दाखवा. फक्त आधी तिकीट काढा.