काट्याला माफी, ताटाला नाही

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या लॅबमध्ये ऑटोकॅड उघडायलाच पाच मिनिटं लागायची. त्यामुळे ते बनवणाऱ्यांविषयी माझ्या मनात तेव्हा फारसा आदर नव्हता. त्यांच्यापैकीच एकानं, ऑटोडेस्कचा एक संस्थापक जॉन वॉकर यानं, वजन कमी करण्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय हे मला कळलं नोकरीला चार वर्षं झाल्यावर. तेव्हा काटा ८४वर पोचला होता. 'द हॅकर्स डाएट', साल १९९१. वॉकरनं ते स्वतःच्या वेबसाइटवर फुकट ठेवलं, सोबत एक्सेलच्या शीट्सही दिल्या. २०२४मध्ये तो गेला. पुस्तक अजून तिथेच आहे.

यातला हॅकर म्हणजे बँकेचे पैसे पळवणारा नव्हे. यंत्र खोलून ते कसं चालतं हे बघितल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, तो. वॉकरनं स्वतःचं शरीर तसं खोललं. त्याचं म्हणणं, वजनापुरतं बघायचं तर माणूस ही एक रबरी पिशवी आहे. वरून कॅलरी आत जातात, जगण्यात खर्च होतात, उरल्या तर पिशवी फुगते, कमी पडल्या तर आक्रसते. बारीक लोकांच्या मनगटावर जणू एक घड्याळ असतं, ते कधी जेवायचं आणि कधी थांबायचं ते बरोबर सांगतं. जाड लोकांचं घड्याळ बिघडलेलं असतं. मग बाहेरून एक घड्याळ लावायचं, म्हणजे कॅलरी मोजायच्या.

हे वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटका. लहानपणापासून जाडीचा संबंध 'तोंडावर ताबा नाही'शी जोडलेला ऐकला होता. चष्मा लागलेल्या मुलीला कुणी 'डोळ्यांवर ताबा ठेव' म्हणत नाही. या पुस्तकातला माणूस माझ्याशी चष्मा लागल्यासारखं बोलत होता.

पुस्तकाचा खरा जीव आहे तो वजनाच्या रेषेत. रोज सकाळी वजन करा, पण त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, असं वॉकर सांगतो. आदल्या रात्रीचं मीठ, भात, पोट साफ न होणं, यानं काटा सहज किलोभर हलतो. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. म्हणून लग्नातल्या जेवणानंतर सकाळी दिसतं ती चरबी नसते. यावर वॉकरचा उपाय सिग्नल प्रोसेसिंग शिकलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. कालची रेषा घ्या, आजचं वजन आणि ती रेषा यांतल्या फरकाचा दहावा भाग तीत मिळवा, ही आजची रेषा. रेषा ८४.०वर असताना काटा ८५.४ दाखवत असेल, तर रेषा सरकते ८४.१४वर. एवढंच. बोंबलण्यासारखं काही झालेलं नाही. कागदावर करायचं असेल तर दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवा, झालं.

याचा एक फायदा पटकन लक्षात येत नाही. आपण कॅलरी मोजतो त्या चुकीच्याच मोजतो. पाकिटावरचे आकडे बहुतेक वेळा ॲटवॉटरनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत ठरवलेल्या सरासरीवर चालतात. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४, चरबी ९. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२मध्ये दाखवलं की बदामांतून शरीराला मिळतात त्यापेक्षा या हिशेबानं बऱ्याच जास्त भरतात. पण चूक रोज सारखीच होत असेल, तर तिनं काही बिघडत नाही. तुम्ही १८०० समजून २१०० खात असाल तर रेषा हलणार नाही, आणि मग दोनशे-तीनशे कमी करायचे. आकडा खोटा असला तरी रेषा खरं सांगते. (बायकांनी एक भर घालावी. पाळीच्या आगेमागे पाणी साठतं, ते आठवडाभर टिकलं तर दहाव्या भागाची रेषाही वर ओढली जाते. गेल्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करा.)

इथपर्यंत मी वॉकरच्या बाजूची आहे. माझं भांडण त्याच्या ताटाशी आहे.

जो माणूस काट्याच्या चढउताराला इतक्या समजूतदारपणे माफ करतो, तोच जेवणाचा आराखडा रोजच्या एका आकड्यावर बेततो. वजनाला सरासरी आणि खाण्याला मात्र हजेरीपट. रबरी पिशवीला वार कळत नाही, हे त्याच्याच मॉडेलमधून निघतं. आठवड्याला १२,६०० कॅलरी रोज १८००प्रमाणे खाल्ल्या काय आणि पाच दिवस १५०० नि दोन दिवस २५५० खाल्ल्या काय, पिशवी तेवढीच आक्रसणार. मग ही मुभा पुस्तकात ठळकपणे का नाही? मला वाटतं, कारण त्या पुस्तकात खाणारा एकटा आहे. त्याच्यासाठी कुणी रांधत नाही, त्याला कुणी वाढत नाही.

मी ते पुस्तक अक्षरशः पाळलं त्या वर्षी होळीला घरी साताऱ्याला गेले होते. पुरणपोळीसाठी ॲपमध्ये तीन वेगवेगळे आकडे होते. मी ऑनलाइन मागवलेला छोटा वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि आईला म्हटलं, प्रत्येक पोळीत पुरण किती ग्रॅम भरतेस ते सांग. तिनं गोळा काट्यावर ठेवला, आकडा वाचला, दुसरा ठेवला. तिसऱ्या गोळ्याला म्हणाली, "तू बाहेर जाऊन बस, मी तुला भाकरी टाकते." मी भाकरी खाल्ली. रात्री ॲपमध्ये सगळं हिरवं होतं.

दोन दिवसांनी, पुण्यातल्या खोलीवर, मी डब्यातल्या सहा पोळ्या उभ्यानं खाल्ल्या आणि त्यांची नोंद केली नाही. आकड्यांच्या पुस्तकाचा हा सगळ्यात मोठा तोटा. ते खोटं बोलायला शिकवतं, आणि तेही स्वतःच्याच डेटाबेसशी.

खाणं दिवसागणिक कमीजास्त करण्याची पद्धत इंटरनेटवर 'झिगझॅग' नावानं विकली जाते. तिथला दावा असा, की शरीर गोंधळतं आणि चयापचय मंदावत नाही. यावर फार विसंबू नये. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात दोन आठवडे कमी आणि दोन आठवडे पुरेसं खाणाऱ्या स्थूल पुरुषांचं वजन सलग कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं. नंतर व्यायाम करणाऱ्यांवर झालेल्या तशाच प्रयोगात चरबीत फरक दिसला नाही. आणि दोन्हीकडे मोजमाप आठवड्यांचं होतं, वारांचं नाही. शिवाय दिवस बदलून खाण्यानं शरीर फसत असतं, तर 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या आपल्या समाजात जाडी दिसलीच नसती. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचं कूट, वर तूप. उपास हा आपला जुना झिगझॅग आहे, फक्त उलट्या दिशेचा.

तरी झिगझॅग मला पटतो, कारण दुसरं आहे. पिशवीला आठवण नसते, माणसाला असते. १९४४-४५मध्ये मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांच्यातले काही पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, जेवण संपलं की पुढच्या जेवणाचाच विचार करू लागले. भूक म्हणजे बिघडलेल्या घड्याळाचा खोटा गजर, हे वॉकरचं म्हणणं त्यांच्यापुढे टिकत नाही. त्यांची घड्याळं ठणठणीत होती. ३५०० कॅलरीला एक पौंड हे त्याचं सरळसोट गणितही पुढे पुढे चुकतं. शरीर लहान होतं तसा त्याचा खर्च घटतो, हे केविन हॉल यांच्या मॉडेलनं २०११मध्ये नीट मांडलं. पण ते शीटमध्ये दुरुस्त करता येतं. एकटेपणा करता येत नाही.

मी शीटमध्ये एक कॉलम वाढवला. खाल्लेल्या कॅलरींनाही तोच दहाव्या भागाचा नियम. आता रोजचा आकडा हिरवा-लाल होत नाही, फक्त रेषा दिसते. चुकवलेली नोंद नंतर अंदाजानं भरता येते, त्यामुळे खोटं बोलायची गरज उरत नाही.

ज्यांना मोजण्याचंच व्यसन लागतं, जे जेवण सोडतात किंवा चोरून खाऊन उलट्या काढतात, त्यांनी मात्र हे पुस्तक आणि माझी शीट दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं. तिथे एक्सेलचं काम नाही.

यंदाच्या होळीला रेषा ७९.६वर होती. दुसऱ्या सकाळी काट्यावर ८०.९. रेषा ७९.७३ झाली. आईला फोनवर सांगितलं तर तिनं विचारलं, "म्हणजे पोळ्या डब्यात भरून पाठवू की नको?"