ऋतू लपवणारं झाड

पळस पेटला की फाल्गुन, पिंपळाला तांबूस पालवी फुटली की चैत्र. ऋतू ओळखायला आपल्याला झाड पुरतं. ऑलिव्ह मात्र अशी साक्ष देत नाही. त्याचं एकेक पान दोन-तीन वर्षं टिकतं. पानगळीचा सोहळा नाही की उघड्या फांद्यांचं वैराग्य नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉगनं 1889 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सँ-रेमीत या झाडांची किमान 15 चित्रं रंगवली. ती पाहताना मला एकच कुतूहल असतं: वर्षभर चेहरा न बदलणाऱ्या झाडाचा ऋतू यानं पकडला कुठे?

त्या मे महिन्यात तो तिथल्या मनोरुग्णालयात आपणहून दाखल झाला होता. भोवती ऑलिव्हच्या बागा, पलीकडे आल्पी डोंगररांग. न्यूयॉर्कच्या 'मोमा' संग्रहालयातलं चित्र जूनमधलं आहे. त्या भागात मे-जून हा ऑलिव्हच्या मोहोराचा काळ. गेल्या वर्षीच्या फुटव्यांवर, पानांच्या बगलेत बारीक तुरे येतात. चार पाकळ्यांची, मलईच्या रंगाची इवलीशी फुलं. पारिजातक आणि मोगरा याच कुळातले, पण ऑलिव्हचं परागण मुख्यतः वारा करतो; सजण्याची त्याला गरजच नाही. शंभर फुलांतून एखाद-दुसरं फळ धरतं.

चित्रात हा मोहोर शोधून सापडत नाही. पुढे फेब्रुवारी 1890 मध्ये नवजात पुतण्यासाठी त्यानं बदामाची फुललेली फांदी रंगवली. तिथे निळ्या आभाळावर प्रत्येक फूल उठून दिसतं. ऑलिव्हपाशी त्यानं फुलाचा नादच सोडला आणि वारा धरला. खोडाचे पीळ, जमिनीच्या लाटा, डोंगराची कड, वरचा पांढरा ढग, सगळे एकाच लयीत वळतात. पान वरून हिरवं, खालून रुपेरी. झुळूक आली की झाडाचा रंगच पालटतो. त्या रुपेरी छटेनं आपल्याला किती झुंजवलं, हे त्यानं भावाला, थिओला, पत्रातून कळवलं होतं.

उन्हाळ्यात झाड बाहेरून जैसे थे. आत मात्र कोय टणक होते आणि मग गरात हळूहळू तेल साठू लागतं. शरदात हिरवं फळ जांभळं, पुढे काळं पडतं. याच सुमारास, गोगँ आणि बर्नार या मित्रांनी ऑलिव्हच्या बागेतला येशू कल्पनेनं रंगवला, तेव्हा व्हॅन गॉग वैतागला आणि खऱ्या बागेत जाऊन उभा राहिला. मिनियापोलिसच्या संग्रहालयातलं नोव्हेंबरचं चित्र त्या हट्टाचं फळ. पिवळंधमक आभाळ, मधोमध सूर्य, नारिंगी माती आणि तिच्यावर पसरलेल्या जांभळट सावल्या. पानं जूनसारखीच हिरवी. बदललीय ती माती आणि उजेड. फळावर चढणारा जांभळा रंग त्यानं सावल्यांना दिला, असं मला वाटतं.

डिसेंबरात तोडणी. गुलाबी आभाळाखाली तीन बायका ऑलिव्ह खुडताहेत, एक शिडीवर चढलेली. या चित्राच्या त्यानं तीन आवृत्त्या केल्या: पहिली बागेत, उरलेल्या दोन खोलीत, त्यांतली एक आई आणि बहिणीसाठी. इथेही नजरेत भरतं ते फळ नव्हे, तर फांदीकडे उंचावलेले हात. जूनमध्ये वाऱ्यात, नोव्हेंबरात मातीत दिसलेला ऋतू आता माणसांच्या अंगात उतरलाय.

आंब्यासारखंच ऑलिव्हही वर्षाआड भरभरून येतं. फळांनी लगडलेल्या वर्षी नवे फुटवे कमी निघतात, आणि पुढचा मोहोर तर त्यांच्यावरच यायचा असतो. त्यातून कळ्या मोहोरायच्या तर हिवाळ्याची थंडीही मुरावी लागते. हे मनात ठेवून त्या शिडीकडे पाहिलं की चित्र नुसतं सुगीचं राहत नाही. बाई ज्या फांदीकडे हात नेतेय, तिच्या शेंड्याला पुढच्या मे महिन्याची जागा आहे. तिथे अजून काहीच दिसत नाही. व्हॅन गॉगनंही काही दाखवलेलं नाही. फक्त आभाळ गुलाबी केलंय.