'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' : स्मृतिभ्रंश-शुश्रूषेच्या शिक्षणातील एक भाषिक प्रश्न

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्यांना शिकवावयाचे काय, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ रोगलक्षणे व कसोट्या यांच्या पलीकडे गेले नाही. रुग्णाशी बोलावे कसे, हा प्रश्न परिचारिकेच्या स्वभावावर सोडून दिला गेला. ही उणीव ज्यांनी शास्त्रीय पद्धतीने पुढे आणली त्यांत अमेरिकेतील परिचर्याशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांचे स्थान महत्त्वाचे आहे. शुश्रूषागृहांतील २० रुग्णांच्या चित्रफितींवर आधारलेला त्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. लहान मुलाशी बोलावे तसे वृद्धाशी बोलले असता रुग्णाने सेवेस विरोध करण्याची संभाव्यता ०.५५, तर प्रौढाशी बोलावे तसे बोलले असता ०.२६, असे त्यात आढळले. अंघोळीला नकार देणारा, हात झटकणारा रुग्ण रोगामुळेच तसे करतो ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

याच विषयावर 'चेंजिंग टॉक' हा एकेका तासाच्या तीन पाठांचा अभ्यासक्रम तयार झाला. त्यात सेवकांना चित्रफिती दाखवून 'वृद्धबोली'ची लक्षणे ओळखावयास शिकवितात : लाडिक संबोधने, चढा स्वर, 'हो ना?' असे होकार गृहीत धरणारे प्रश्न आणि रुग्णाला उद्देशून वापरलेले 'आपण'. अभ्यासक्रमाची दृष्टी निःसंशय योग्य आहे. तथापि तो इंग्रजीच्या घडणीतून निघालेला आहे, आणि तसाच मराठीत उतरविल्यास त्यातील एक नियम तरी उलटा ठरेल.

इंग्रजीत द्वितीयपुरुषी सर्वनाम व्यवहारतः एकच. त्यामुळे त्या भाषेत अनादर शिरतो तो संबोधनांतून आणि सुरांतून. त्याला सर्वनामाचे दार मोकळे नाही. मात्र परिचारिका 'आपण अंघोळ करायची का?' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य बोलते, तेव्हा ते 'आपण' रुग्णाचे स्वतंत्र कर्तृत्व पुसून टाकते, आणि म्हणून ते निषिद्ध. मराठीत 'आपण' हे समावेशक प्रथमपुरुषी सर्वनाम आहे, तसेच ते 'तुम्ही'हूनही वरच्या आदराचे द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. 'आपण बसावे' हे वाक्य कोणत्याही वृद्धाचा मान कमी करीत नाही. 'आपण म्हणू नये' एवढाच नियम सूचनापत्रात छापला गेला, तर शिकणाऱ्याच्या तोंडून सर्वांत आदराचे रूपच काढून घेतल्यासारखे होईल.

खरा धोका अन्यत्र आहे. मराठी घरांत आजीला बहुधा 'तू' म्हणतात आणि आजोबांना 'तुम्ही'. (ही चाल सर्वत्र एकसारखी नाही हे खरे, प्रदेशपरत्वे व घरपरत्वे ती बदलते.) रुग्णालयात नाते उसने घेतले जाते : प्रत्येक वृद्धा 'आजी' होते, जसे साफसफाई करणाऱ्या बाईला सारे 'मावशी' म्हणतात. पण त्या उसन्या नात्याबरोबर घरातले 'तू'ही येते, आणि 'आजी, तोंड उघड' हे वाक्य अनोळखी तरुण मुलीच्या तोंडून ऐकावे लागते. पुरुष रुग्ण या अधिक्षेपातून पुष्कळदा सुटतो, कारण 'आजोबा'बरोबर 'तुम्ही' आपोआप येते. याच्याही पुढची पायरी म्हणजे 'मंमं', 'जोजो' हे बाळशब्द. टॉम किटवुड यांनी १९९७ च्या 'डिमेन्शिया रीकन्सिडर्ड' या ग्रंथात रुग्णाचे माणूसपण हिरावणाऱ्या वर्तनप्रकारांत बालवत् वागणुकीचा समावेश केला आहे. त्याचे मराठी व्याकरण कोणीतरी लिहावयास हवे.

वाक्यरचनेविषयीही असेच म्हणता येईल. केंपर व हार्डन यांच्या १९९९ च्या प्रयोगांत, वाक्यातील गौण उपवाक्ये कमी केल्याने निरोगी वृद्धांना आकलनास मदत झाली; पण संथ लय व चढा स्वर यांचा तसा उपयोग दिसला नाही. मराठीत गुंता होतो तो प्रामुख्याने 'ऊन'-कृदन्तांच्या साखळीने : 'उठून, तोंड धुऊन, चहा घेऊन गोळी घ्या.' या वाक्यात मुख्य क्रिया शेवटी येते, आणि तोवर पहिली हरवलेली असते.

भाषांतर न करता नवी रचना करण्याचा दाखला भारतात आहेच. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या बल्लभगढच्या संशोधनात मेरी गांगुली व सहकाऱ्यांनी, १९७५ ची फोल्स्टाइन यांची कसोटी निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीत नव्याने घडविली. कसोटीच्या बाबतीत घेतलेले हे कष्ट संभाषणाच्या शिक्षणातही घ्यावयास हवेत.

मात्र 'सर्वांना तुम्ही म्हणा' असा सरसकट नियम करूनही भागणार नाही. जी वृद्धा परिचारिकेलाच आपली नात समजते, तिला 'तुम्ही' हा शब्द परका, किंबहुना रुसव्याचा वाटू शकतो. नावे विसरलेल्या माणसालाही सर्वनामातील जवळीक वा दुरावा जाणवू शकतो, एवढे गृहीत धरणे शिक्षणाच्या दृष्टीने सुरक्षित होय. म्हणून पूर्वी कोण या रुग्णास कसे हाक मारीत असे, आणि कोणाकडून 'तू' चालत असे, हे घरच्यांना विचारून पहिल्याच दिवशी केसपेपरावर, औषधांच्या यादीच्या वरती, नोंदवून ठेवावयास शिकविले पाहिजे.