गोट्यांच्या प्रयोगात न दिसणारी झीज

घर्षणाच्या धड्यात एक प्रयोग ठरलेला असतो. जाड पुस्तक टेबलावर ढकलायचे, मग त्याखाली गोट्या ठेवून पुन्हा ढकलायचे. घरंगळण्यातले घर्षण घसरण्यातल्यापेक्षा कमी, म्हणून चाकात बेअरिंग, असा निष्कर्ष फळ्यावर येतो. निष्कर्ष बरोबर आहे. आमचा आक्षेप त्यानंतरच्या मौनाला आहे. मग बेअरिंग खराब का होते? एखाद्या चौकस मुलाने विचारलेच, तर 'थोडे घर्षण उरतेच' असे सांगून त्याची बोळवण होते.

हे उत्तर अपुरे आहे. स्वच्छ आणि नीट वंगण घातलेले बेअरिंग घासून फारसे झिजत नाही, ते थकते. गोळी आणि कडे यांचा स्पर्श इतक्या लहान जागेत होतो, की तेथील दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा हजार पटींपर्यंत सहज जातो. प्रत्येक गोळी जाताना पोलाद दबते आणि सुटते. लाखो वेळा असे झाले की पृष्ठभागाच्या किंचित खाली तडा जातो, वाढतो, आणि एक टवका निघतो. वंगणाचा थर तर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ. तो पृष्ठभागावरच्या सूक्ष्म उंचवट्यांएवढाच उरला, तर उंचवटेच एकमेकांवर दाबले जातात आणि सुमारे १० मायक्रॉनचे असंख्य खड्डे पडतात. सुटा खड्डा डोळ्यांना दिसत नाही; चकचकीत पोलाद नुसते राखाडी दिसते.

पन्हाळा तालुक्यातल्या मुलांना हे परके नाही. गळीत हंगामात वारणानगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या ती पाहतातच. ट्रॉलीत दुप्पट ऊस भरला तर चाकातले घर्षण साधारण दुप्पट होईल, एवढे धडा सांगतो. पण लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी १९४७ साली मांडलेल्या सूत्रानुसार दुप्पट भाराने बॉल बेअरिंगचे आयुष्य एक-अष्टमांशावर येते, रोलर बेअरिंगचे जवळजवळ एक-दशांशावर. शेतकऱ्याच्या खिशाशी संबंध आहे तो या आकड्याचा, आणि नेमका तोच वर्गात येत नाही.

गोट्या राहू द्याव्यात. सोबत गॅरेजमधले एक बाद बेअरिंग आणावे. ते हातोड्याने फोडू नये, कठीण पोलादाच्या ठिकऱ्या उडतात. गॅरेजवाल्याकडूनच सुटे करून घ्यावे. रॉकेलने पुसून भिंगाखाली धरावे. ट्रॉलीच्या चाकात आतले कडे आसावर स्थिर असते, बाहेरचे फिरते. मग कोणत्या कड्यावर खड्डे एकाच बाजूला सापडतील, हे आधी मुलांना विचारावे आणि नंतर भिंग त्यांच्या हाती द्यावे.